जागरणाची कॉफी

सुरतेत कोजागिरीला थंडी नसते. पाऊस गेलेला असतो, तापीचं गढूळ पाणी निवळायला लागलेलं असतं, पण दिवसा ऊन चटके देतं आणि गच्चीची फरशी रात्री उशिरापर्यंत कोमट राहते. घाटावर या दिवसांत पहाटे अंगावर काहीतरी ओढून घ्यावं लागतं. इथं पंखा बंद करायला कुणी तयार होत नाही. शरद आमच्याकडं हवेत कमी आणि घराघरांत जास्त येतो. मिठाईच्या दुकानांपुढं घारीचे मांडव पडतात. उधन्यातल्या आमच्या सोसायटीत खानदेशी मुली भुलाबाईची गाणी म्हणतात आणि कुणाच्या डब्यात कसला खाऊ आहे ते ओळखत बसतात. गुजराती शेजारणी शरद पूनमच्या दूध-पौंव्यासाठी पोहे निवडायला घेतात. मी जायफळं काढून ठेवते, कारण त्या रात्री गच्चीवरची कॉफी माझ्याकडं असते.

दूध सगळेच आटवतात. बदाम, पिस्ते, चारोळी, केशर घातलेलं मसाला दूध चंद्राला दाखवायचं आणि प्यायचं, त्यात माझं वेगळं काही नाही. पण ते दूध प्यायलं की मुलं सतरंजीवरच आडवी होतात, मोठ्यांचेही डोळे जड होतात, आणि रात्र तर अजून बाकी असते. पत्ते पिसलेले असतात, गाण्याच्या भेंड्या कुठं रंगात आलेल्या असतात. त्या वेळेला कॉफी लागते. रत्नागिरीला माझ्या माहेरी ती बाराच्या पुढं व्हायची. चहा रोजचा होता. कॉफी पाहुण्यांची, एकादशीची, तापातून उठलेल्या माणसाची आणि कोजागिरीची. जायफळ-वेलदोडा नसलेल्या पेयाला आमच्याकडं कॉफी म्हणतच नसत.

सासर अमळनेरचं. अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर करत येणारी तापी खोऱ्याची रेल्वे शेवटी उधन्याला येऊन मिळते, आणि त्याच गाडीनं खानदेशातली माणसं कामासाठी इथं उतरली आणि राहिली. त्यांच्या घरांत पेय म्हणजे चहा, तोही दाट आणि गोड. कॉफी माझ्याबरोबर या घरात आली. सासूबाई पहिल्यांदा घोटभर घेऊन कप खाली ठेवत, आता कोजागिरी जवळ आली की त्याच विचारतात, “जायफळ चांगलं मिळालं का गं?”

जायफळ चांगलं आहे की नाही हे बघायची रीत आमच्या वाडीतली. सुपारीच्या बागेत दोन ओळींच्या मधे जायफळाची झाडं असायची. त्याला सावली मानवते, म्हणून कोकणात ते नारळ-सुपारीच्या आसऱ्यानं लावतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठानं ‘कोकण सुगंधा’, ‘कोकण स्वाद’ अशा जाती त्यासाठीच काढल्या. फळ पिकलं की स्वतःच उकलतं. आत लालभडक जायपत्रीची जाळी, आणि जाळीच्या आत चकचकीत काळपट टरफलाची बी. पत्री अख्खी सोडवून वेगळी वाळवायची. बी सहा ते आठ आठवडे वाळू द्यायची. आतला गर आक्रसून टरफलापासून सुटला की बी हलवल्यावर खुळखुळते. तोवर तिला फोडायचं नाही. बाजारात टरफलासकट जायफळ मिळालं तर मी अजूनही ते कानाशी नेऊन हलवते. सोललेलं घ्यायची वेळ आली तर हातात तोलून बघते. जड, बिनछिद्राचं हवं. ते आडवं कापलं तर फिकट गरात तपकिरी शिरांची नक्षी दिसते. वास असतो तो त्या शिरांतल्या तेलाचा. म्हणून दळलेली पूड घेऊ नये, पुडीत तेल टिकत नाही. लागेल तेव्हा लागेल तेवढंच किसावं, नाहीतर सहाणेवर दुधात उगाळावं.

सहाण म्हटली की बाळगुटी आठवते. आजी गुटी उगाळायची तेव्हा प्रत्येक जिनसाचे वेढे ठरलेले असत: खारीक-बदामाचे जास्त, वेखंडाचे मोजके, आणि जायफळाचा फक्त एक. मूल रडतं आहे, झोपत नाही म्हणून कुणी दुसरा वेढा घेऊ लागलं तर ती हात धरायची. जायफळानं गुंगी येते हे तिला पक्कं ठाऊक होतं. आता बालरोगतज्ज्ञ गुटीलाच नको म्हणतात, आणि ते ऐकावं. मोठ्या माणसालाही जायफळ चमचा-दोन चमचे गेलं तर मळमळतं, छाती धडधडते, भलतंसलतं दिसायला लागतं. चिमटीतलं मात्र नुसतं निववतं. डोकं दुखलं तर ते कपाळाला लावायचं, झोप उडाली तर रात्री कोमट दुधात टाकायचं, हे घरोघर चालत आलेलं आहे.

मग झोप आणणारी ही वस्तू आपल्या लोकांनी जागरणाच्या कॉफीत का घातली? मी यावर पुष्कळ विचार केला आहे, आणि मला यात मोठं शहाणपण दिसतं. नुसती कॉफी माणसाला जागं करते, पण त्याचबरोबर ओढूनही धरते. बोलणं भराभर होतं, मन पुढच्या कामांवर उड्या मारायला लागतं, आणि अंथरुणावर पडल्यावर पहाटेपर्यंत तळमळ. कोजागिरीला तसं जागायचं नसतं. काही करून टाकण्यासाठी नाही, तर एकमेकांजवळ आणखी थोडा वेळ बसता यावं म्हणून जागायचं असतं. डोळे उघडे हवेत आणि अंग सैल हवं. कॉफी पहिलं बघते, जायफळ दुसरं. शिवाय आयुर्वेद शरदाला पित्त खवळण्याचा ऋतू मानतो आणि दूध, साखर, गोड घ्यायला सांगतो. निव्वळ काळी कॉफी या दिवसांत पोटात आग करते. म्हणून आमची कॉफी दुधाची, आणि तेही आटवलेल्या दुधाची.

करायला ती सोपी आहे, फक्त घाई चालत नाही. सहा कपांसाठी एक लिटर म्हशीचं दूध जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर ठेवायचं आणि पाऊण लिटरच्या आसपास येईपर्यंत हलवत राहायचं. साय बाजूला काढायची नाही, पुन्हा दुधात मोडायची. दुसऱ्या भांड्यात कपभर पाणी उकळायचं, गॅस बंद करून त्यात चार चहाचे चमचे कॉफीची भरड पूड टाकायची आणि झाकून ठेवायचं. पूड पाण्याबरोबर उकळत ठेवली की कडवटपणा उतरतो आणि मग तो कितीही साखरेनं झाकत नाही. पाचेक मिनिटांनी गाळ तळाला बसतो. वरचा अर्क मलमलीच्या ओल्या फडक्यातून निथळू द्यायचा. फडकं पिळायचं नाही. पिळलं की गाळ उतरतो. झटपट विरघळणारी कॉफी वापरली तरी चालतं, घरात नेहमी तीच असते, पण कोजागिरीला मी चिकमंगळूरकडची पूड मागवते, थोडी चिकोरी असलेली. चिकोरीनं दुधाच्या कॉफीला अंग येतं. आणि तिचं पीक मुख्यतः इथलंच, गुजरातेतलं, आणंद आणि जामनगरच्या बाजूचं. माझ्या आजेसासऱ्यांच्या पिढीला पॉलसनची कॉफी आठवायची, तीही चिकोरी मिसळलेलीच. पेस्तनजी एदलजी दलालांचं पॉलसन हे नाव लोक लोण्यामुळं ओळखतात, पण त्या पारशी गृहस्थाची सुरुवात मुंबईत कॉफी भाजून दळण्यापासून झाली होती.

वेलदोडे चार, सालीसकट, साखरेबरोबर खलात कुटायचे. साखरेचे कण दाण्यांना घासून फोडतात आणि वास साखरेतच राहतो. ती साखर दूध उतरवायच्या दोन मिनिटं आधी. मग अर्क. गॅस बंद केल्यावर, आणि तेव्हाच, जायफळ किसायचं: एवढ्या दुधाला सपाट पाव चमचा, त्याहून कणभरही जास्त नाही. लगेच झाकण. दोन मिनिटं थांबून ओतायचं. झाकण काढल्यावर पहिला येतो तो कॉफीचा भाजका वास, त्यामागून वेलदोडा, आणि जायफळ मात्र नाकाला नीट कळत नाही, ते पहिला घोट गिळल्यावर घशाशी उमटतं. त्याचा वास आधीच आला तर समजावं, हात सैल सुटला. काही घरांत दालचिनी, लवंगसुद्धा टाकतात. मला ते मान्य नाही. लवंग कॉफीला दाबून टाकते आणि दालचिनीनं दुधाची चव बदलते. केशर दुधातच राहू द्यावं. कॉफीत ते वाया जातं.

हे पेय मी रत्नागिरीहून सुरतेला आणलं असं पुष्कळ दिवस माझ्या मनात होतं. मग या शहराविषयी वाचायला लागले आणि चित्र उलटंच निघालं. कपातल्या दोन्ही मुख्य वस्तू जहाजांतून उतरून हिंदुस्थानात शिरल्या त्या ज्या दारांतून, त्यांतलं एक मोठं दार सुरत होतं.

सतराव्या शतकात जगाची कॉफी म्हणजे येमेनची कॉफी, आणि तिचं बंदर मोखा. सुरतेचे व्यापारी उन्हाळ्याच्या तोंडाला कापड भरून लाल समुद्राकडं जहाजं सोडत आणि पावसाळी वाऱ्याचा जोर ओसरताना ती परत येत. परतीचा मुख्य माल चांदी, बरोबर कॉफीच्या गोणी. म्हणजे नवी कॉफी या गावात यायची ती भाद्रपद-आश्विनाच्या सुमाराला, शरदातच. मोठी जहाजं सुवाळीला नांगर टाकत, तिथून माल होड्यांनी तापीतून वर यायचा आणि जकात भरून शहरात जायचा. १६९५ च्या सप्टेंबरात इंग्रज चाच्यांनी लुटलेलं ‘गंज-ए-सवाई’ हे बादशाही जहाज अशाच परतीच्या वाटेवर होतं. शिवाजी महाराजांची सुरतेवरची दुसरी स्वारी १६७० च्या ऑक्टोबरातली, तीही याच दिवसांतली, बंदरात माल येऊन पडण्याच्या हंगामातली. मराठी माणूस या शहरात राहतो तेव्हा तो इतिहास त्याच्याबरोबर राहतोच. मी तो कधी लपवत नाही आणि मिरवतही नाही; माझ्या शेजाऱ्यांनी मला तो कधी विचारलेला नाही.

आणि जायफळ? ते पार पूर्वेकडच्या बांदा बेटांचं. १६२१ मध्ये डचांनी ती बेटं जिंकली, हजारो बांदावासी मारले किंवा गुलाम करून नेले, आणि जायफळाचा व्यापार मुठीत घेतला. तेच डच सुरतेत वखार घालून होते. मसाले विकायचे आणि इथलं कापड न्यायचं, हा त्यांचा धंदा. म्हणजे खमंग वासाच्या या बीला रक्ताचा इतिहास आहे, आणि तो ठाऊक झाल्यापासून किसताना मी तिला स्वस्त समजत नाही. कतारगाम दरवाज्याजवळ डचांची दफनभूमी आहे. तिथली सगळ्यांत मोठी कबर हेंड्रिक व्हॅन रीडची, तो १६९१ मध्ये कोचीनहून सुरतेला येताना जहाजावर वारला. मलबारच्या वनस्पतींवरचा ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ त्यानं करवून घेतला. त्यात रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या तीन वैद्यांची साक्ष देवनागरीत, कोंकणी भाषेत छापलेली आहे. आपल्याकडं गरम मसाल्यात पडते त्या रामपत्रीचं रानजायफळाचं झाडही त्या ग्रंथात आहे. त्या कबरीच्या घुमटाखाली उभं राहिलं की मला त्या वखारवाल्यांपेक्षा त्या तीन वैद्यांची आठवण जास्त येते. पानं, बिया, गुण आणि मात्रा त्यांना ठाऊक होत्या. माझ्या आजीच्या एका वेढ्यामागं अशाच माणसांचं ज्ञान आहे.

कॉफी इथं नुसती उतरून पुढं जात नव्हती, प्यायलीही जात होती. इंग्रज राजदूत टॉमस रोच्या वकिलातीबरोबर आलेला पाद्री एडवर्ड टेरी यानं मद्य न पिणाऱ्या धर्मनिष्ठ लोकांत कॉफी घेतात असं लिहून ठेवलं आहे. १६८९ मध्ये सुरतेच्या सफरीला निघालेला इंग्रज प्रवासी जॉन ओव्हिंग्टन इथल्या वाण्यांच्या चहा-कॉफीबद्दल सांगतो, आणि चहात उष्ण मसाले उकळून तो डोकेदुखीवर घेतात हेही नोंदवतो. पेयात मसाला टाकून त्याला औषधी करायची बुद्धी सुरतेला सव्वातीनशे वर्षांपूर्वीही होती. आजच्या सुरतेची ओळख म्हणजे थंडगार कोल्ड कोको. गरम कॉफी फारशी कुणी मागत नाही. शहरं आपल्या सवयी विसरतात, त्यात नवल नाही.

सुरतेची न बदललेली गोष्ट म्हणजे कापड, आणि कापडामुळं पडणारं जागरण. उधना, पांडेसरा, लिंबायत या भागांत माग दिवसरात्र चालतात, बारा-बारा तासांच्या दोन पाळ्यांत. आमच्या मजल्यावर दोंडाईच्याचा एक तरुण राहतो. गेल्या कोजागिरीला त्याची रातपाळी होती. कामावर निघताना तो दारात थांबला. मी त्याच्यासाठी कॉफी लवकर करून ठेवली होती, जायफळ किसायला हातात घेतलं, तर म्हणाला, “काकू, माझ्या कपात ते नका घालू. मागांपुढं डोळा लागला तर हात जायचा.” मी किसणी बाजूला ठेवली. त्यानं उभ्या-उभ्या कप संपवला आणि जिना उतरला. आवाजानं कान बधिर करणाऱ्या त्या कारखान्यात एकेका माणसाला अनेक माग सांभाळावे लागतात, धागा तुटला की धावायचं, आणि पैसे मिळतात ते विणलेल्या मीटरवर. या शहरात हजारो माणसं रोजच्या रोज जागतात. त्यांच्या जागण्याला ना चंद्र असतो ना भेंड्या. त्या रात्रीपासून मला वाटतं की जायफळ घातलेली कॉफी ही सवड असलेल्या माणसाची कॉफी आहे, आणि तशी सवड वर्षातून एकदा तरी त्या मुलाला पगारासकट मिळायला हवी. या कोजागिरीला त्याची दिवसपाळी यावी म्हणून त्यानं सोबत्याबरोबर पाळी बदलून मागितली आहे.

माझी नणंद न्यू जर्सीला असते. सप्टेंबर लागला की ती फोनवर तिकडच्या पम्पकिन स्पाइस कॉफीचं कौतुक करते. स्टारबक्सनं ते पेय २००३ मध्ये आणलं. मसाल्यात दालचिनी, सुंठ, लवंग आणि आपलं जायफळ. नावात भोपळा असून कपात खरा भोपळा यायला २०१५ उजाडलं. मी त्याला नावं ठेवणार नाही. पानं गळायला लागल्यावर, अंधार लवकर पडायला लागल्यावर, माणसाचा हात जायफळाकडं जातो हे मला फार आपलं वाटतं. शिवाय नणंदेच्या गावासमोरच्या मॅनहॅटनचाही जायफळाशी संबंध आहे: १६६७ च्या ब्रेडाच्या तहात इंग्रजांनी बांदामधल्या रन बेटावरचा हक्क सोडला आणि डचांनी मॅनहॅटनवरचा. तिला मी एवढंच सांगते की भोपळा कपात घालू नकोस, बशीत घे. लाल भोपळ्याचे घारगे, गूळ आणि जायफळ घालून केलेले, आणि शेजारी आपली कॉफी. तिनं ते केलं, तिच्या मराठी मंडळातल्या बायकांनाही खाऊ घातलं.

इथं सुरतेत घारग्यांची गरज पडत नाही, कारण कोजागिरीच्या दुसऱ्याच दिवशी चांदनी पडवो येतो. हा सण सुरतेचा स्वतःचा. आश्विन वद्य प्रतिपदेच्या रात्री सगळं शहर घारी आणि भुसू हे फरसाण घेऊन डुमसच्या किनाऱ्यावर, रस्त्याकडेला, गच्च्यांवर चादरी अंथरून बसतं. घारी म्हणजे मैद्याच्या पातळ पारीत मावा, बदाम-पिस्ते आणि साखरेचं सारण, तुपात तळून वरून पुन्हा थिजत्या तुपाचा थर. १८५७ च्या धामधुमीत तात्या टोप्यांच्या सैनिकांना बळ यावं म्हणून ती पहिल्यांदा केली, असं इथं सांगतात. एक घारी खाल्ली की जेवण होतं. तूप टाळूला धरून बसतं, आणि ते सोडवायला कॉफीसारखं दुसरं काही नाही. म्हणून दुसऱ्या रात्रीच्या कॉफीत मी दूध आटवत नाही, निम्मं पाणी ठेवते, साखर अर्धी करते, आणि जायफळ तेवढंच ठेवते, कारण माव्याच्या जडपणावर ते उपयोगी पडतं. समोरच्या बेन कॉफीला हात लावत नसत. त्यांनी एकदा घारीबरोबर घोट घेतला आणि म्हणाल्या, “आनी साथे तो घारी बे खवाय.” म्हणजे, हिच्याबरोबर तर दोन घाऱ्या खाता येतील. आता चांदनी पडव्याला त्या घारीचा डबा घेऊन येतात आणि पातेलं माझं असतं. यंदा त्यांनी कृती लिहून घेतली आणि घरी करताना त्यात चमचाभर कोको घातला. मला चाखायला आणून दिली तेव्हा चव घेऊन बघितली: जायफळ कोकोलाही चांगलं धरतं, फक्त वेलदोडे दोनच पुरेत.